समुद्रकाठचा पळसविधी

॥ श्री ॥

समुद्रकाठ, दापोलीच्या खाली
४ डिसेंबर २०२५

प्रिय कानिफ,

सप्रेम नमस्कार. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि तुझ्या साध्या मोबाईलवर मोठा मजकूर मावत नाही, म्हणून पत्र लिहितो. इथे वीज जपून वापरावी लागते. बॅटरी पूजेसाठी राखतो आणि तुझ्यासाठी शाई.

राहुरीपासून आपल्या गावापर्यंत माझ्याबद्दल काय बोललं जात असेल, याची मला कल्पना आहे. पन्नाशीला टेकलेला भटजी घरदार ठेवून समुद्रावर तंबूत राहायला गेला! तर खरं काय ते ऐक. माझी लेक मनवा लॅपटॉपवर नोकरी करते, तिला ऑफिस लागत नाही. मागच्या वर्षी ती इथेच राहून काम करत होती. परदेशातल्या लोकांना समुद्रकाठी श्राद्ध, तर्पण करायचं असतं, पण येता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनेच माझं नाव, माझे व्हिडिओ सगळीकडे टाकले. आता मी इथे वाळूत पाट मांडून बसतो, समोर तिपाईवर मोबाईल असतो, आणि ते लोक तिकडे त्यांच्या घरात पाणी सोडतात. दिवाळीपासून हे चाललं आहे. फाल्गुनात परत येईन.

वीज सूर्याची. घडीची पॅनेलं उन्हात उघडायची, तारेने बॅटरीच्या पेटीला जोडायची, की दिवसभराचं काम भागतं. वीजमंडळाचा खांब इथून दिसतसुद्धा नाही. सुरूच्या झाडांखाली चार-पाच तंबू आहेत, त्यांत संगणकावर काम करणारी मुलं राहतात. सकाळी सूर्य डोंगरामागून येतो, त्यामुळे अर्घ्य देताना समुद्राकडे पाठ करावी लागते. पहिले काही दिवस ते मला फार चुकल्यासारखं वाटे.

तळाची सगळी व्यवस्था रामभाऊ पाहतो. माझ्याच वयाचा असेल. खारं वारं काचांवर मिठाचा थर बसवतं आणि वीज कमी होते, म्हणून तो रोज सगळी पॅनेलं पुसतो. माणूस अबोल आहे, पण बोलला की बोली आपल्या नगरकडची वाटते. विचारलं तर म्हणतो, "इकडचं-तिकडचं."

वहिनींना नमस्कार.

तुझा,
यज्ञेश्वर


१२ डिसेंबर

यज्ञूदेवा, रामराम.

तुझं पत्र घरी बायकूला, राहीबाईला वाचून दाखवलं. ती म्हनली, "समिंदरावर तंबू ठोकला व्हय भटजीनी? मंग आपल्या सत्यनारायनाला कोन येनार, खेकडा?" लई हसली. मला मात्र काय हसू येईना. अरं, फोनमधनं पिंडदान! मंग कावळा कसा शिवतो? त्यो बी रेंजमधीच बसून असतो का? अन् पितरांकडं मोबाईल हाय का न्हाई, ते तरी इचारलं का तुमी?

तुझा बाप कमरंएवढ्या पान्यात उभा राहून गावाचं तर्पन करायचा. त्या मान्साचा पोरगा तिपाईवरच्या मोबाईलला मंत्र सांगतो, हे आईकून शाळंतले आपले जुने मास्तर आधी हसले. मंग म्हनले, "पानी तर खरं हाय ना? मंग चालंल." तवा तू निवांत ऱ्हा.

तुझ्या घरी वयनी बऱ्या हायत. मी आठवड्याला चक्कर मारतो.

पर एक सांगतो. नगरी बोलनारा मानूस कोकनात काचा पुसत बसलाय अन् गाव सांगत न्हाई, हे मला काय बरं वाटत न्हाई. नीट चौकशी कर. तुझा सोभाव भोळा, म्हनून बोललो.

तुझा कानिफ


॥ श्री ॥

२२ डिसेंबर

प्रिय कानिफ,

तुझ्या शेवटच्या ओळीवर मी हसलो होतो. आता हसू येत नाही. घाईने लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

परवा एक मागणी आली. परदेशातून नव्हे, आपल्या नगरच्या केडगावातून. बाईंचं नाव इंदू निघोजकर. मजकूर असा होता: "नमस्कार गुरुजी. माझे यजमान सुहास बारा वर्षांपूर्वी शाळेत जायला म्हणून घरातून निघाले, ते परत आले नाहीत. शोध घेऊन झाला. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत आहे की आता पळसविधी करावा. तो तुमच्याच हातून, समुद्रावर व्हावा अशी माझी इच्छा आहे. पौष अमावस्या चालेल का? सोबत फोटो पाठवते."

पळसविधी तू पाहिलेला नाहीस. माणूस बेपत्ता झाला आणि बारा वर्षं वाट पाहूनही आला नाही, तर तो गेला असं धरतात. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. मग बायको विधवा होते, मुलं सुतक पाळतात. त्या बाईंचं बारा वर्षांचं अधांतरी जगणं माझ्या एका हो म्हणण्याने संपणार होतं. मी होकार कळवला. त्यानंतर फोटो उघडला.

फोटोतला माणूस पस्तिशीचा, मिशी राखलेला. डाव्या भुवईतून एक पांढरा व्रण आरपार गेलेला. मी मोबाईल धरून बसलो होतो, तेवढ्यात कोणीतरी माझ्यापुढे चहाचा पेला ठेवला. वर पाहिलं. तोच व्रण, तीच भुवई. रामभाऊ म्हणाला, "गुरुजी, चेहरा का उतरलाय? रेंज गेली का?"

मी मोबाईल पालथा ठेवला. चहा तसाच गार झाला.

कानिफ, जिवंत माणसाचा पुतळा जाळणं हे केवढं भयंकर आहे! आपल्याकडे सांगतात, विधी झाल्यावर तो माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तुपाच्या पात्रात बसवून बाहेर काढायचं, बारसं करायचं, मुंज करायची, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मी नाही म्हणालो तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं तर त्या घरावर काय कोसळेल? तू कांदा घेऊन नगरला जातोस, तेव्हा केडगावात डोकावून ये. त्यांना काही सांगू नकोस. माणसं कशी आहेत, एवढंच पाहा.

यज्ञेश्वर


३० डिसेंबर

यज्ञू,

तुझं पत्र मी बांधावरच दोनदा वाचलं. त्याच बायकूशी पुन्ना लगीन? आरं, मग मेल्याचं सोंग कोन करील! हे मी इनोदानं लिवतोय, पर इनोद वाटत न्हाई.

केडगावला गेल्तो. तुझा निरोप्या म्हनून सांगितलं. बाई शाळंच्या हाफिसात कामाला हाय. नीटनेटकं घर, दारात तुळस. गळ्यात मंगळसूत्र हाय, कपाळाला टिकली हाय. मला वाटलं हुतं, मी इधीचं नाव काढलं की बाई रडंल. कसलं काय! बाईनं चहा टाकला, पोहे दिले, अन् इचारलं, "कानिफभाऊ, पुतळ्याला कपडे कुणाचे लागतात? त्यांचा एक शर्ट आहे, तो पाठवू का?" जसं काय मुंजीचं सामान इचारत हुती. मी पोह्यांची बशी खाली ठिवली.

मी म्हनलं, "ताई, येखांदवेळंस मानूस जित्ता बी असतो."

ती म्हनली, "असतो ना." अन् साखर पुढं केली. दगडाची हाय बाई, यज्ञू. तिच्या मनात दुसरं काईतरी असंल. बाईमान्सानं पुढचा संसार बघितला असंल तर मी काय नावं ठिवत न्हाई, पर मला धक्काच बसला.

पोरगी यामिनी, कॉलेजला हाय, ती आतल्या खोलीतनं बगत हुती. मी निघालो तवा फाटकापतोर आली अन् हळूच इचारलं, "काका, ते गेलेतच ना? नक्की ना?" म्हंजी तिला बी बाप मेलेलाच पायजे हाय. कसली मान्सं म्हनायची ही!

आनखी काय न्हाई. व्हय, बाईनं तुझं कौतिक केलं. तुझे यिडिओ बगती म्हनं. इचारत हुती, "गुरुजींच्या पाठीमागे काचा पुसणारे ते कोण असतात? रोज तेच असतात का?" म्या म्हनलं, असंल कोनतरी गडी. लई येळ इचारत हुती.

माझं मत आईकशील तर तू ह्यातनं अंग काढून घे. 

कानिफ


॥ श्री ॥

७ जानेवारी २०२६

प्रिय कानिफ,

तू "आणखी काही नाही" म्हणून जे लिहिलंस, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. काचा पुसणारे ते कोण, रोज तेच असतात का, हे बाईंनी विचारलं आणि तू गडी म्हणून मोकळा झालास! अरे भल्या माणसा, ती चौकशी नव्हती. ती ओळख पटवत होती. मला भीती वाटते की तिला सगळं माहीत आहे. आणि माहीत असून तिने माझ्याकडेच, ह्याच किनाऱ्यावर, हा विधी मागितला आहे. असं का करावं कोणी? कृपा करून पुन्हा जा आणि सरळ विचार. पत्र स्पीडपोस्टाने पाठव. अमावस्या अठराला आहे.

आता इकडचं सांगतो. तुझं पत्र आलं त्या सकाळी तो पॅनेलं पुसत होता. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "सुहासराव."

फडका थांबला. वळला नाही. म्हणाला, "किती दिवसांपासून माहीत आहे?"

"तुमच्या घरून फोटो आला आहे. तुमचा पळसविधी करायचा आहे. माझ्या हातून."

मला वाटलं तो कोसळेल, नाहीतर पळेल. तो वाळूवर बसला आणि हसला. वेड्यासारखं नाही, कानिफ. शाळा सुटल्यावर पोरं हसतात तसं. म्हणाला, "इंदूने मागितलाय? मग करा की. बरं झालं. सुटली बिचारी."

"अहो, तुम्ही जिवंत आहात!"

"ते तुम्हाला माहीत आहे. तिला नाही."

मी विचारलं, का गेलात? भांडण? आजार? कोणी दुसरी बाई? तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "पुण्याच्या बसमध्ये बसलो होतो. शाळेचा थांबा आला. लोक उतरले, मी उतरलो नाही. पुढच्या थांब्यावर उतरू म्हटलं, तिथेही नाही. शेवटी बस पुण्याला लागली. गुरुजी, कारण असतं तर ते मिटवून परत जाता आलं असतं. कारणच नव्हतं, तर काय तोंड घेऊन जाऊ?"

मी इतकी वर्षं लोकांची दुःखं ऐकत आलो. खून केलेला माणूसही एकदा माझ्यासमोर रडला आहे. पण ह्या उत्तराने माझ्या अंगावर काटा आला. भरल्या संसारातून उठून जायला कारण लागत नाही, हे मला कधी वाटलं नव्हतं. मी आपल्या तंबूत आलो आणि जपाला बसलो, पण मन लागेना. माझाही इथे सगळा संसार एका पिशवीत मावतो. इथे मला बरं वाटतं. ते बरं वाटणं त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं. दुपारी घरी फोन करून हिच्याशी बोललो. विषय काही नव्हता.

खरा धक्का त्यानंतरचा. दुसऱ्या दिवशी स्नान करून आलो, तर तंबूच्या दाराशी पळसाच्या पानांचा भारा. देठ एका लांबीचे, स्वच्छ पुसलेले, केळीच्या खोडाच्या सालीने बांधलेले. डोंगरात चढून त्याने स्वतः तोडून आणले होते. म्हणाला, "कमी पडली तर सांगा. वाळायच्या आत पुतळा बांधावा लागेल ना?"

स्वतःचा पुतळा करायला स्वतः पानं आणणारा माणूस मी पाहिला, कानिफ. त्या भाऱ्याला हात लावायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

यज्ञेश्वर


१२ जानेवारी

यज्ञू,

मी गाढव हाय. हे आधी लिवतो, म्हंजी तुला लिवायला नको.

काल केडगावला गेलो. म्हनलं, "ताई, तुमचे मालक जित्ते हायेत, अन् कुठं हायेत ते आमाला कळलंय." बाई भाजी निवडत हुती. ती म्हनली, "मलाही."

मला वाटलं मलाच नीट आईकू आलं न्हाई. मी म्हनलं, काय? ती मोठ्यानं म्हनली, "मला माहीत आहे, भाऊ. कार्तिकापासून माहीत आहे."

मंग तिनं सांगितलं. यामिनीच्या मैत्रिनीच्या घरचं श्राद्ध तू तिथनं केलंस, त्याचा यिडिओ पोरगी बगत हुती. मागं एक मानूस काचा पुसतोय. वरनं खाली सरळ पट्टा, मंग बाजूला दुसरा पट्टा, शेवटाला फडका झटकून बोटांवर फुंकर. पोरगी हसून म्हनली, "आई, हा बघ, फळा पुसतोय." बाप मास्तर, दुसरीत ती त्याच्याच वर्गात हुती. बोलली अन् तिची तीच गप झाली. मायलेकींनी त्यो यिडिओ परत लावला न्हाई. गरजच न्हवती, म्हनली.

मी इचारलं, "मंग आनायला का न्हाई गेलात? जित्त्या मान्साचा पुतळा जाळाया निघालात?"

यज्ञू, तवा ती बाई पयल्यांदा चिडली. म्हनली, "आणायला तो काय हरवलेला बैल आहे? त्याला घर माहीत आहे. बारा वर्षं मी हळदीकुंकवाला गेले तर बायका कुजबुजतात, नाही गेले तरी कुजबुजतात. मी कोण आहे ते मला एकदा कळू दे. त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावं, की त्याच्या नावाने पिंड पडतोय. पुढे येऊन एक शब्द बोलला, तर बोलला. नाही बोलला, तर माझ्यासाठी तो गेला. पाप लागलं तर मला, तुमच्या गुरुजींना नाही."

पोरीचं बी मी चुकीचं समजलो हुतो. ज्या दिशी बाप गेला, त्या सकाळी तिला गृहपाठावरनं बोलला हुता. सात वर्सांची पोर, रागात म्हनली, "तुम्ही घरी येऊच नका." अन् मानूस आलाच न्हाई. तवापासनं पोरगी समजती की बाप आपल्यामुळं गेला. बाप मेला असंल तर मरनामुळं आला न्हाई, असं तरी म्हनता यील. यिडिओतला मानूस बाप नसावा, असं तिला वाटत हुतं, म्हनून ती फाटकात मला इचारत हुती.

अमावस्येला पावने येनार हायेत, वडीलधारी मान्सं येनार हायेत. त्यांना काय ठावं न्हाई. मी बी जातो. तू काय करनार हायेस?

कानिफ


॥ श्री ॥

१९ जानेवारी

प्रिय कानिफ,

काल तू पडद्यावर बाईंच्या मागे टोपी घालून उभा होतास. तुला दिसलं त्याच्या आधीचं सांगतो.

तुझं पत्र अमावस्येच्या आदल्या दिवशी मिळालं. मी ते सुहासरावांपुढे ठेवलं. ते वाचताना त्यांचं तोंड पांढरं पडत गेलं. मुलीचा मजकूर आला तिथे त्यांनी कागद खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

मी म्हणालो, "तुम्ही जिवंत असताना तुमचं श्राद्ध मी तिच्या हातून करवून घेणार नाही. एकच वाट आहे. संन्यास घेणारा माणूस आपलं श्राद्ध आपणच करतो. मग तो घरादाराला मेला. पण बायको असेल तर तिची संमती मागावी लागते. तोंडाने, समोर बसून."

"दुसरी वाट?"

"गप्प बसणं. ती तुम्हाला येते."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, देव जाणे. माझा स्वभाव असा नाही.

सकाळी ते स्नान करून आले. बाईंना आधी काही कळवलं नव्हतं, म्हणून पुतळा मी बांधला होता, दर्भावर निजवला होता. आकाश निरभ्र, पॅनेलं उन्हात, बॅटरी भरलेली. मी मनात म्हणत होतो, देवा, आजच्या दिवस ढग का येत नाहीत? फोन लागला. बाई रोजच्या सुती साडीत, शेजारी यामिनी. मी म्हणालो, "ताई, संकल्पाच्या आधी एकाला तुमच्याशी बोलायचं आहे." आणि मोबाईल वळवला.

यामिनीने विचारलं, "आई, हेच?"

"हेच."

सुहासरावांची मान वर होईना. वाळूकडे बघत म्हणाले, "इंदू, मी संन्यास घेतो. मला संमती दे."

तू पाहिलंस, बाईंनी आधी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "बारा वर्षांनी तोंड उघडलंत, तेही मागायलाच?"

"दुसरं काय करू?"

"मागू नका. सांगा. हिला सांगा, का गेलात."

"कारण नव्हतं, इंदू."

"माझ्याकडे बघून नको. हिच्याकडे बघून."

तेव्हा त्यांनी मान वर केली. "यामिनी, कारण नव्हतं. तू त्या सकाळी काय बोललीस ते मला आठवतसुद्धा नाही, बाळा. मी बसमधून उतरलो नाही. एवढंच."

त्या मुलीचा चेहरा मी विसरणार नाही. तिला दिलासा मिळाला असं म्हणावं, तर तसं नव्हतं. इतकी वर्षं ज्या शब्दाखाली ती दबून जगली, तो त्यांना आठवतही नव्हता! ती उठली आणि आत गेली. बाईंनी तिला जाऊ दिलं. मग पडद्याजवळ येऊन शांतपणे म्हणाल्या, "संमती नाही देत. संन्याशाच्या लोक पाया पडतात. तुम्ही आम्हाला टाकून गेलात. तेवढंच तुमचं खरं आहे, त्याला भगवी कफनी कशाला? गुरुजी, पुतळा पेटवू नका. आमच्याकडे कुणी मेलेलं नाही."

आणि पडदा काळा झाला.

सुहासराव म्हणाले, "गुरुजी, मग मी आता कोण?" मी मनात चारही आश्रम मोजून पाहिले. ब्रह्मचारी नाही, गृहस्थ नाही, संन्यासी नाही, प्रेतही नाही. शास्त्रात अशा माणसाला जागाच नाही. बांधलेला पुतळा सोडायचा मंत्रही मला येत नाही, कारण तसा प्रसंग कधी ऐकलेला नाही. शेवटी त्यांनीच गाठी सोडल्या. पायांपासून सुरुवात केली. पानं वाऱ्याने भरतीच्या पाण्यात गेली.

उद्याची दोन तर्पणं मी रद्द केली.  कानिफ, पडदा काळा झाल्यावर तिकडे काय झालं? घर तर माणसांनी भरलं असेल.

यज्ञेश्वर


२५ जानेवारी

यज्ञू,

सांगतो. अजून माझ्या डोळ्यांपुढनं जात न्हाई.

तुझा पडदा काळा झाला तवा बाहीरच्या खोलीत पावनी बसली हुती. त्यांना काय आईकू गेलं न्हवतं. बायांनी डोईवर पदर घेतलेले, म्हातारी मान्सं खाली मान घालून. घरात मरन झालं की चूल पेटत न्हाई, म्हनून शेजारनींनी पिठलं-भाकरीची पातेली आनली हुती. एक म्हातारी बाई मंगळसूत्र उतरवायला तयारच हुती, तिला तेवढंच काम सांगितलेलं.

इंदूताई बाहीर आली. म्हातारी उठली अन् रडायला सुरवात केली. ताई म्हनली, "काकू, रडू नका. ते जिवंत आहेत. आताच बोलले माझ्याशी."

यज्ञू, बायांनी डोईवरचे पदर मागं सारले. चुलत दीर म्हनला, "जिवंत? मग कधी येणार?"

"येणार नाहीत. कोकणात आहेत, धडधाकट आहेत. आम्हाला टाकून गेलेत. बारा वर्षं मी 'ते हरवलेत' म्हणत होते. आता जे आहे ते सांगितलं."

म्हातारी तिच्या गळ्याकडं बगत हुती. तिला कळंना, उतरवायचं का ठिवायचं. ताईनं सोताच हुक काढला अन् मंगळसूत्र मुठीत घेऊन तिच्या हातावर ठिवलं. "काकू, हे देवघरात ठेवा. टिकली मात्र राहू दे, ती माझीच होती."

मान्सं एकमेकांकडं बगाया लागली. सांत्वन करावं तर मेलंय कोन? आनंद करावा तर कशाचा? एक जन हळूच म्हनला, "निघावं का मग?" ताई म्हनली, "उपाशी कुठे जाता? बसा." शेजारनींची पातेली तिनं झाकून परत दिली. "सुतक नाही, मग तुमचं कशाला? माझा गॅस आहे की."

अन् तिनं कढई चढवली.

तुला ठावं हाय, सुतकाच्या घरी तळन पडत न्हाई. तेलाचा चर्र आवाज आला तशी बाहीरच्या समद्या बाया दचकून उभ्या ऱ्हायल्या. ज्या घरात मरनाला आलो, तिथं पुऱ्यांचा वास! एक बाई तर तोंडावर पदर दाबून फाटकाबाहीर गेली. ताई पुऱ्या लाटीत हुती, तळीत हुती, घाम पुसत हुती. डोळ्यांतनं पानी रडन्यानं येत हुतं का तेलाच्या धुरानं, मी इचारलं न्हाई.

ताटं मांडली. पानावर बसली मान्सं, पर कुनाचा हात पुढं हुईना. माझा बी हुईना, यज्ञू.

तवा यामिनी आतनं आली. डोळं सुजलेलं. कुनाकडं बगितलं न्हाई. आईच्या शेजारी खाली बसली, परातीतली एक पुरी उचलली, गरम हुती म्हनून या हातातनं त्या हातात केली, अन् मोडून खाल्ली.

मंग समदी जेवली.

कानिफ